टूल संपलं, टेम्प फायली राहिल्या: कमांड-लाईन टूलमधला हा बग शोधायचा कसा आणि बुजवायचा कसा

समजा ‘उतारेजोड’ नावाचं एक छोटं टूल आहे. झेरॉक्स सेंटरवर जमिनीच्या पहाणीचे उतारे, आधार, रेशन कार्ड, जातीचा दाखला स्कॅन करायचा, फोल्डरचं नाव टूलला द्यायचं, की सगळ्या पानांची एक पीडीएफ हातात. बेळगावात कॉम्प्युटर सायन्स शिकणारी मुलं असली टूलं दोन-तीन रात्रीत लिहून खानापूर, निपाणी, चिकोडीच्या ओळखीच्या काउंटरवर बसवून देतात. ती चालतातही. मग दोन-तीन महिन्यांनी फोन येतो की डिस्क फुल झालीय. /टीएमपी (टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फायलींचं फोल्डर) उघडून बघावं तर उतारे.४३१२, उतारे.४३९० अशी फोल्डरं रांगेनं उभी, आणि प्रत्येकात कुणाचं तरी आधार कार्ड.

जागेचा प्रश्न त्यातला धाकटा. ए-४ पान ३०० डीपीआयनं रंगीत स्कॅन केलं तर कॉम्प्रेस न करता साधारण २६ एमबी होतं. ४० पानांची फाईल म्हणजे एक जीबी, ती राहून गेली की गेली. थोरला प्रश्न असा की गिऱ्हाइकाचे कागद त्याच्या नकळत तुमच्या मशीनवर राहिले. म्हणून हा बग ‘सवडीनं बघू’च्या यादीत टाकू नका.

कमांडची नावं खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. व्हेरिएबलची आणि फंक्शनची नावंसुद्धा. बॅशमध्ये (टर्मिनलवरच्या कमांड चालवणाऱ्या शेलमध्ये) देवनागरी व्हेरिएबल चालत नाही.

काय काय लागेल

- लिनक्सचं एक मशीन. उबंटू असेल तर उत्तम. काउंटरवरचं चालू मशीन मात्र नको.
- टूलचा सोर्स, गिटमध्ये ठेवलेला.
- एसट्रेस (प्रोग्रॅम काय काय करतो ते दाखवणारं), एलएसओएफ (कुठली फाईल कुणी उघडलीय ते सांगणारं) आणि शेलचेक (स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारं). तिन्ही एपीटीनं मिळतात.
- दोन टर्मिनल खिडक्या: एकीत टूल चालवायला, दुसरीतून त्याला मारायला.
- चाचणीचे पाच-सहा स्कॅन. त्यात एक टचनं बनवलेली शून्य बाइटची जेपीजी हवी, आणि एक लांबलचक मराठी नावाची. खऱ्या गिऱ्हाइकाचे कागद चाचणीला घेऊ नका, रद्दीतलं वर्तमानपत्र स्कॅन करा.

१. आधी बघा, हा बगच आहे का

टूल अजून चालू असेल तर त्याची टेम्प फाईल असणारच. कुणीतरी कंट्रोल-झेड दाबून ते थांबवून ठेवलं असेल तरी तेच. एलएसओएफला ‘+डी’, मोठ्या लिपीतला डी, आणि फोल्डरचं नाव दिलं की ते फोल्डर कुणी धरून बसलंय का हे कळतं. टूल चालू नसेल, कुणीच धरलेलं नसेल आणि फाईल तशीच पडली असेल, तर बग.

याच्या उलटही होतं. डीएफ म्हणतं डिस्क भरली, डीयू म्हणतं फायलीच नाहीत. तेव्हा फाईल पुसलेली असते, पण एखादा प्रोसेस ती उघडून बसलेला असतो. ‘एलएसओएफ +एल१’ तो दाखवतं. तो आजार वेगळा, इथं नको.

२. बग हातात पकडा

‘कधी कधी राहतात’ एवढ्यावर दुरुस्ती सुरू करू नका. एक रिकामं फोल्डर करा, टीएमपीडीआयआर हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल फक्त त्या एका कमांडपुरतं त्या फोल्डरवर रोखा आणि टूल चालवा. टूल संपल्यावर फोल्डर रिकामं हवं.

इथंच पहिला खड्डा आहे. टूलमध्ये /टीएमपी हा पत्ता थेट लिहिलेला असेल तर ते तुमच्या फोल्डरकडे ढुंकूनही बघणार नाही. शेवटी फोल्डर रिकामंच दिसेल आणि तुम्ही खूश व्हाल. म्हणून टूल चालू असताना दुसऱ्या खिडकीतून आत डोकावा. मध्ये फायली दिसल्या पाहिजेत, शेवटी दिसता कामा नयेत. मध्येही दिसल्या नाहीत तर पत्ता थेट लिहिलाय, तो आधी बदला.

फाईल नेमकी कोण बनवतं ते कळत नसेल तर एसट्रेसला ‘-एफ’ आणि ‘-ई ट्रेस=%फाईल’ द्या. ‘-एफ’ विसरू नका, नाहीतर टूलनं बोलावलेले दुसरे प्रोग्रॅम दिसणारच नाहीत. पुष्कळदा फाईल तुमची नसतेच. पानं जोडताना इमेजमॅजिक मारलं गेलं तर ‘मॅजिक-’नं सुरू होणाऱ्या फायली राहतात, घोस्टस्क्रिप्ट असेल तर ‘जीएस_’नं सुरू होणाऱ्या. त्यांचं काय करायचं ते चौथ्या पायरीत.

३. बाहेर पडायच्या सगळ्या वाटा मोजा

नवख्याच्या टूलमध्ये साफसफाई शेवटच्या ओळीत असते. पण टूल शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचेलच असं नाही. कागदावर वाटा लिहून काढा (कोड म्हणजे टूल संपताना मागं ठेवतं तो आकडा, सिग्नल म्हणजे चालू प्रोसेसला बाहेरून मिळालेला इशारा):

- काम नीट झालं. कोड ०.
- मध्येच चूक झाली: स्कॅन खराब, पेन ड्राइव्ह भरला. कोड बहुतेक १.
- कंट्रोल-सी. सिग्नल २, कोड १३०.
- टर्मिनलची खिडकी बंद केली किंवा एसएसएच तुटलं. सिग्नल १, कोड १२९.
- मशीन शटडाउन केलं, किंवा नुसती किल कमांड दिली. सिग्नल १५, कोड १४३.
- ‘किल -९’, किंवा मेमरी संपली म्हणून कर्नलनंच प्रोसेस मारला. कोड १३७.
- लाईट गेली. कोडबिड काही नाही.

हिशोब सोपा आहे: सिग्नलनं मेला तर कोड म्हणजे १२८ अधिक सिग्नलचा आकडा. टूल संपल्याबरोबर ‘इको $?’ केलं की कुठल्या वाटेनं बाहेर पडलं ते कळतं.

पहिल्या पाच वाटांवर तुमचा कोड काहीतरी करू शकतो. शेवटच्या दोनांवर नाही. सिग्नल ९ पकडता येतच नाही आणि वीज कुणाला विचारून जात नाही. या दोन गटांची दुरुस्ती वेगळी आहे. ती एकत्र करायला गेलं की कोडचा गुंता होतो.

४. पहिल्या पाच वाटा: जिथं जन्म, तिथंच मरण

फोल्डर जिथं तयार होतं त्याच्या शेजारीच ते पुसायची सोय लिहायची, शेवटच्या ओळीत नाही. बॅशमध्ये ट्रॅप (ठरलेला प्रसंग आला की दिलेलं काम आपोआप करणारी कमांड) त्यासाठीच आहे. स्क्रिप्टच्या सुरुवातीला, याच क्रमानं:

ओळ १: काम="" (रिकामं व्हेरिएबल)
ओळ २: साफ नावाचं फंक्शन. आत आधी $? धरून ठेवा, काम रिकामं नसेल तरच ‘आरएम -आरएफ -- "$काम"’, शेवटी धरलेल्याच कोडनं एक्झिट.
ओळ ३: ट्रॅप साफ एक्झिट
ओळ ४: ‘एमकेटेम्प -डी’नं फोल्डर बनवा, नाव कामात ठेवा, नाही जमलं तर एक्झिट १.
ओळ ५: एक्सपोर्ट टीएमपीडीआयआर="$काम"

ट्रॅप एमकेटेम्पच्या आधी आहे, कारण मध्ये कुणी कंट्रोल-सी दाबलं तर फोल्डर झालेलं असेल आणि पुसणारा कुणी नसेल. ट्रॅप आधी लावला तरी फोल्डर झालंय पण नाव अजून व्हेरिएबलमध्ये उतरलेलं नाही, अशी एक बारीक फट उरतेच. ती सहाव्या पायरीत बुजते.

‘उतारे.$$’ असं प्रोसेस नंबरचं नाव का नको? नंबर पुन्हा वापरले जातात, आणि त्यांचा अंदाजही बांधता येतो. शिवाय साध्या एमकेडीआयआरनं केलेलं फोल्डर बहुतेक मशीनवर ७५५ परवानगीचं होतं, म्हणजे त्या मशीनवरच्या कुणालाही आतले स्कॅन वाचता येतात. एमकेटेम्पचं फोल्डर ७०० असतं, फाईल ६००.

ओळ ५ लहान दिसते, पण माझ्या मते सगळ्यात जास्त काम तीच करते. इमेजमॅजिक आणि घोस्टस्क्रिप्ट दोघंही टीएमपीडीआयआर मानतात, म्हणजे त्यांचा कचराही तुमच्याच फोल्डरात पडतो आणि एकाच आरएममध्ये जातो.

आता खड्डे. हे जरा सावकाश वाचा.

अवतरण चिन्हं. आरएमला "$काम" दुहेरी अवतरणात द्या. पत्त्यात ‘खानापूर उतारे’ असं स्पेस असलेलं नाव असेल आणि अवतरण नसेल, तर आरएमला दोन वेगळी नावं दिसतात, आणि दुसऱ्या नावाचं फोल्डर खरोखर असेल तर तेही जातं. त्याहून वाईट म्हणजे ‘आरएम -आरएफ $काम/*’. काम रिकामं राहिलं तर हेच ‘आरएम -आरएफ /*’ होतं. शेलचेक यावर ओरडतं, त्याचं ऐका.

दुसरा ट्रॅप पहिल्याला गिळतो. एक्झिटवर एकच ट्रॅप राहतो. खाली कुणी लॉगसाठी आणखी एक लिहिला की वरची साफसफाई गुपचूप बंद. ‘काल चालत होतं, आज नाही’ अशी तक्रार असेल तर आधी सोर्समध्ये ट्रॅप किती वेळा येतो ते ग्रेपनं मोजा.

एक्झेक. स्क्रिप्टच्या शेवटी एक्झेकनं दुसरा प्रोग्रॅम सुरू केला की शेल जातं आणि एक्झिटचा ट्रॅप चालतच नाही. एक्झेक काढून साधं बोलवा.

पहिली ओळ. स्क्रिप्टच्या डोक्यावर बिन-एसएच लिहिलं असेल तर उबंटूवर ती बॅशमध्ये चालत नाही. २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून तिथं डॅश हे शेल आहे. बॅश सिग्नलनं मरतानाही एक्झिटचा ट्रॅप चालवतं, डॅश चालवत नाही. एक तर बॅश लिहा, नाहीतर सिग्नल १, २ आणि १५ साठी वेगळे ट्रॅप लावा.

ते वेगळे ट्रॅप लावताना नुसतं ‘एक्झिट १३०’ लिहिलं तर साफसफाई होते, पण एक गंमत होते. दुसऱ्या बॅश स्क्रिप्टमधल्या लूपनं ५० फोल्डरांवर टूल चालवलं असेल आणि तुम्ही कंट्रोल-सी दाबलं, तर चालू फोल्डर थांबतं आणि लूप पुढच्यावर उडी मारतो. टूल सिग्नलनं मेलं नाही, नीट एक्झिट झालं, म्हणजे त्यानं सिग्नल हाताळला असं बाहेरचं बॅश समजतं. बरोबर रीत अशी: आधी साफ करा, मग त्या सिग्नलचा ट्रॅप काढा, मग तोच सिग्नल स्वतःलाच पाठवा. ओळ २ मधल्या साफमध्ये एक्झिट असल्यामुळे इथं पुसायचा भाग वेगळ्या फंक्शनात काढावा लागेल.

ट्रॅप उशिरा चालतो. दुसऱ्या खिडकीतून स्क्रिप्टला किल दिलं, आणि तेव्हा इमेजमॅजिक ४० पानं जोडत असेल, तर बॅश ते संपेपर्यंत वाट बघतं आणि मगच ट्रॅप चालवतं. मिनिटभर काही हलत नाही, माणूस वैतागून ‘-९’ देतो, आणि फोल्डर राहतं ते राहतंच. ट्रॅप बिघडलेला नसतो. कंट्रोल-सीला असं होत नाही, कारण तो सिग्नल पुढं चालू असलेल्या सगळ्यांनाच एकदम जातो.

५. टूल बॅशमध्ये नसेल तर

पायथन: टेम्पफाईल मॉड्यूलमधली टेम्पररीडिरेक्टरी ‘विथ’सकट वापरा. कंट्रोल-सीला पायथन कीबोर्ड-इंटरप्ट उठवतं, त्यामुळे विथ आणि फायनली दोन्ही चालतात. सिग्नल १५ ला मात्र काहीच उठत नाही, प्रोसेस सरळ मरतो. सुरुवातीला सिग्टर्मसाठी एक हँडलर लावा आणि त्यात सिस-एक्झिट १४३ करा, बस्स. मग सोर्समध्ये ‘डिलीट=फॉल्स’ शोधा. विंडोजवर नेम्डटेम्पररीफाईल उघडी असताना नावानं दुसऱ्यांदा उघडता येत नाही, म्हणून लोक हे लिहितात आणि पुसायचं विसरतात. पायथन ३.१२ पासून ‘डिलीट-ऑन-क्लोज’ हा पर्याय आलाय, तो यासाठीच.

गो: ओएस-एक्झिट आणि लॉग-फेटल डिफर (फंक्शन संपताना करायची म्हणून ठेवलेली कामं) चालवत नाहीत. सगळं काम एका वेगळ्या फंक्शनमध्ये न्या, त्यानं एरर परत द्यावा, आणि एक्झिट फक्त मेनमध्ये, अगदी शेवटी.

६. लाईट गेली तर

पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला हा प्रसंग अपवाद नसतो. यूपीएसची बॅटरी म्हातारी असली की स्कॅनर चालू होताक्षणी मशीन बंद. मरणारा प्रोसेस स्वतःमागं झाडून जाऊ शकत नाही. म्हणून झाडायचं काम पुढच्या वेळी टूल सुरू होईल तेव्हा.

पण आंधळेपणानं ‘उतारे.*’ पुसू नका. शेजारच्या खिडकीत तेच टूल चालू असेल तर त्याच्या पायाखालची जमीन जाईल. मालक जिवंत आहे का हे कळायला काहीजण प्रोसेस नंबर फाईलमध्ये लिहून ठेवतात. मशीन पुन्हा चालू झाल्यावर तोच नंबर ब्राउझरला मिळाला की तुमचं टूल त्यालाच मालक समजतं. त्यापेक्षा कुलूप बरं.

कामाच्या फोल्डरात एक छोटी फाईल उघडा आणि तिच्यावर एफलॉक लावा. प्रोसेस कसाही मेला तरी कर्नल ते कुलूप सोडतो. स्क्रिप्ट मेली पण तिनं सुरू केलेलं इमेजमॅजिक अजून जिवंत असेल, तर कुलूप त्याच्याकडेही असतं, म्हणजे फोल्डर वापरात आहे हे बरोबरच कळतं.

सुरू होताना टूलनं आपल्या नावानं सुरू होणारी जुनी फोल्डरं बघावीत. ती स्वतःच्या युजरची हवीत, सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी नावं) नकोत, आणि किमान तासाभराची जुनी हवीत. नुकत्याच जन्मलेल्या फोल्डराला कुलूप लागायला क्षणभर वेळ लागतो म्हणून ही अट. मग ‘एफलॉक -एन’नं कुलूप मागावं. मिळालं तर मालक गेला, पुसा. नाही मिळालं तर गप पुढं जा. आत कुलपाची फाईलच नसेल तर एक दिवस जुनं झाल्यावर पुसा.

तयार पीडीएफचं वेगळं. ती थेट शेवटच्या नावानं लिहिली तर लाईट गेल्यावर अर्धी पीडीएफ राहते आणि गिऱ्हाईक तीच घेऊन कचेरीत जातं. टेम्प नावानं लिहा, सिंक करा (डिस्कवर पक्कं उतरवा), मग एमव्हीनं नाव बदला. मात्र /टीएमपीतून गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हवर एमव्ही केलं तर ते नाव बदलणं नसतंच. दोन डिस्क वेगळ्या, म्हणून आधी कॉपी आणि मग पुसणं होतं, आणि कॉपी अर्धी राहू शकते. तेव्हा पानांचे तुकडे /टीएमपीत, पण शेवटची टेम्प पीडीएफ जिथं जायची तिथंच, त्याच फोल्डरात. ही फाईलही साफ फंक्शनच्या यादीत घाला. नावाआधी टिंब दिलं की लिनक्सवर ती लपते, पण गिऱ्हाइकाच्या विंडोजवर ती दिसणारच.

सिस्टिम आपोआप झाडते ना, असं कुणी म्हणेल. सिस्टिम-डीच्या मूळ नियमात /टीएमपीला १० दिवस आणि /वार/टीएमपीला ३० दिवस आहेत. कुणाचं आधार १० दिवस पडून राहणं तुम्हाला चालत असेल तर गोष्ट वेगळी.

७. मराठी आणि कन्नड नावांच्या फायली

टेम्प फाईलचं नाव मूळ फाईलच्या नावावरून बनवू नका. लिनक्सच्या ईएक्सटी-४ फाईल सिस्टिमवर एका नावाला २५५ बाइट मिळतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्हींच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे ८५ चिन्हं झाली की संपलं. आणि चिन्हं म्हणजे डोळ्यांना दिसतात ती अक्षरं नव्हेत. ‘क्षेत्र’ दिसायला दोन अक्षरं, आत क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र अशी सात: २१ बाइट. विंडोजवर मर्यादा वेगळ्या हिशोबानं मोजतात, त्यामुळे तिथं सुखानं नांदलेलं नाव पेन ड्राइव्हवरून आलं, त्याला ‘.टीएमपी’ आणि सहा अक्षरं चिकटली, की ‘नाव फार लांब’ म्हणून टूल मध्येच कोसळतं.

दुसरी गोम ‘ऱ’ची. ‘उताऱ्याची प्रत’ यातला ऱ एकच चिन्ह असू शकतो किंवा र आणि नुक्ता अशी जोडी. दिसायला सारखंच, बाइट वेगळे. एका कीबोर्डवर लिहिलेलं नाव दुसऱ्या कीबोर्डवर टाइप केलेल्या पॅटर्नला सापडत नाही आणि फाईल पुसायची राहते. टेम्प फोल्डराचं नाव साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा, आत पान-००१, पान-००२ असे नुसते आकडे. मूळ नाव फक्त शेवटच्या पीडीएफला.

८. तपासणी

दरवेळी रिकामं टीएमपीडीआयआर घेऊन: एकदा नीट चालवा. एकदा शून्य बाइटच्या जेपीजीसकट. एकदा मध्येच कंट्रोल-सी. एकदा दुसऱ्या खिडकीतून किल, एकदा खिडकीच बंद. मग ५ एमबीचं टीएमपीएफएस (मेमरीतली तात्पुरती डिस्क) माउंट करून त्यात, म्हणजे जागा संपल्यावर काय होतं ते दिसेल. या सहाही वेळा फोल्डर रिकामं हवं आणि कोड शून्य फक्त पहिल्या वेळी. साफसफाईत एक्झिट कोड हरवून चुकीलाही शून्य येतंय, हे इथंच सापडतं.

सातव्यांदा ‘किल -९’. यावेळी फोल्डर राहिलं पाहिजे. नाही राहिलं तर तुम्ही भलत्याच प्रोसेसला मारलंय. टचनं फोल्डरची तारीख दोन तास मागं न्या, टूल पुन्हा चालवा, आता ते जायला हवं. मग हेच, पण टूलची दुसरी प्रत चालू ठेवून, आणि तिच्या फोल्डरची तारीखही मागं नेऊन. तिच्या फोल्डराला हात लागता कामा नये.

९. दुरुस्ती पाठवणं आणि जुना कचरा

चौथी पायरी एक कमिट, सहावी दुसरी. एकत्र केलं तर वाचणाऱ्याला दोन्ही तपासता येत नाहीत. कमिट मेसेजमध्ये कुठल्या वाटेनं फाईल राहत होती ते लिहा: ‘सिग्नल १५ ला कामाचं फोल्डर राहत होतं’ हे पुरेसं, ‘टेम्प बग फिक्स’ हे नाही.

जुनी फोल्डरं नव्या टूलला ओळखू येणार नाहीत, कारण त्यांच्यात कुलूप नाही आणि नावाची ठेवणही वेगळी. ती एकदा हातानं काढावी लागतात. फाइंडला ‘-मॅक्सडेप्थ १’, युजरचं नाव, ‘उतारे.*’ हा पॅटर्न आणि ‘-एमटाइम +१’ द्या आणि आधी नुसतं ‘-प्रिंट’. यादी डोळ्यांखालून घाला. ‘-डिलीट’ भरलेलं फोल्डर काढत नाही, म्हणून शेवटी ‘-एक्झेक’मधून ‘आरएम -आरएफ --’ द्या, आणि ते सगळ्यात शेवटीच; अटींच्या आधी आलं तर अटी लागायच्या आतच सगळं जातं. ही कमांड काउंटरवर फोनवरून सांगू नका. फाईलमध्ये लिहून पाठवा, एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर तिकडून विचारणारं कुणी नसतं.